हॉलो नाइट खेळताना या चुका टाळा: ‘अजून एकच वार’ सगळ्यात महाग पडतो

हॉलो नाइट या व्हिडिओ गेममध्ये माणूस मरतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. बॉसवर, म्हणजे एखाद्या भागातल्या मोठ्या शत्रूवर, दोन वार बसलेले असतात, मागे सरकायची वेळ झालेली असते आणि बोट तिसऱ्यांदा बटणावर जातं. तो तिसरा वार बसतोही, पण त्याच क्षणी समोरच्याचा घाव आपल्यावर बसतो. मी हे स्वतः शेकडो वेळा केलंय आणि शेजारी बसून इतरांना करताना पाहिलंय. गंमत अशी की नकाशावर हिंडतानाही हीच खोड नडते: अजून एक खोली बघू, मग परत फिरू.

ॲडलेडच्या टीम चेरीने हा गेम 24 फेब्रुवारी 2017 ला आणला. सप्टेंबर 2025 मध्ये त्याचा पुढचा गेम सिल्कसाँग आल्यावर ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला विचारलं, ‘आधी पहिला खेळायला हवा का?’ खेळाच. पण ग्रीनपाथ या सुरुवातीच्या भागापर्यंत पोचून वैतागून सोडून देऊ नका, म्हणून हे लिहितोय. पुढे काही बॉसची आणि जागांची नावं येतील. शेवटाबद्दल काही सांगत नाही.

लढताना: वार मोजायला शिका

फॉरगॉटन क्रॉसरोड्समधला फॉल्स नाइट हा पहिला खरा धडा. तो गदा आपटतो आणि मग क्षणभर थांबतो. त्या क्षणात तुमचे एक किंवा दोन वार बसतात. किती बसतात ते पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत मोजा आणि त्याच्या पुढे जाऊ नका. तो उडी घेतो तेव्हा मागे पळत भिंतीला टेकण्यापेक्षा खालून पलीकडे निघा. भिंतीपाशी अडकलेल्याला गदाही लागते आणि जमिनीवरून सरपटत येणारी लाटही.

ग्रीनपाथमधली हॉर्नेट फार चपळ वाटते, पण तिच्या चाली मोजक्याच आहेत. सुई फेकते, जमिनीलगत झेपावते, हवेतून तिरकी झेपावते आणि कधी जागीच थांबून स्वतःभोवती धाग्यांचं जाळं फिरवते. पहिल्यांदा तिच्याशी लढताना एक प्रयोग करा: दोन मिनिटं वारच करू नका, फक्त चुकवत राहा. मराल, हरकत नाही. पण पुढच्या वेळी प्रत्येक चालीआधी ती काय करते, कुठला आवाज काढते, हे डोळ्यांना आणि कानांना ओळखीचं झालेलं असेल. मँटिस लॉर्ड्सपाशी हीच सवय कामाला येते. तिथे तर चाली तीनच आहेत: जमिनीवरून आडवी झेप, वरून सरळ खाली उतरणं आणि भिंतीला चिकटून फेकलेलं परतून येणारं पातं. पहिल्या लॉर्डसमोर या तिन्ही पक्क्या केल्या नाहीत तर पुढे दोघं मिळून येतात तेव्हा डोकं चालत नाही.

दुसरी चूक म्हणजे सोल, म्हणजे वार करून मिळणारी शक्ती, साठवून ठेवणं. आकडे एकदा समजून घेतले की इथला सगळा हिशोब बदलतो. नेलचा, म्हणजे आपल्या तलवारीचा, एक वार बसला की 11 सोल मिळतो. मुख्य भांड्यात 99 मावतो. एक मास्क, म्हणजे आपल्या जिवाचा एक तुकडा, भरून काढायला 33 लागतो आणि एक मंत्र टाकायलाही 33च. म्हणजे दर तीन वारांमागे तुम्ही एक निर्णय कमावता: बरं व्हायचं की मंत्र टाकायचा. नवे खेळाडू मंत्र टाकायचं विसरूनच जातात. पण सुरुवातीच्या नेलचा एक वार 5 चा असतो, तर व्हेंजफुल स्पिरिट हा पहिला मंत्र 15 चा घाव घालतो, तोही लांबून. भांडं काठोकाठ भरलेलं असताना मारत राहिलात तर पुढचा सोल वाया जातो, कारण सुटं भांडं मिळेपर्यंत ठेवायला दुसरी जागा नसते. तब्येत ठीक आणि भांडं भरलेलं असेल तर मंत्र टाकून मोकळे व्हा.

बरं होण्याची घाई हा तर लढाईतला सगळ्यात मोठा खड्डा. एकच मास्क उरला की जीव घाबरतो आणि बॉस अंगावर येत असतानाच आपण बटण दाबून बसतो. फोकसला, म्हणजे बटण धरून मास्क भरण्याला, साधारण एक सेकंद लागतो आणि मध्येच मार बसला तर तोवर खर्च झालेला सोल परत मिळत नाही. मास्क जातो आणि सोलही. बरं व्हायची जागा आधीच ठरवून ठेवा. हॉर्नेट धाग्यांचं जाळं फिरवते तेव्हा लांब सरकून एक मास्क भरता येतो. पुष्कळ बॉस सलग मार बसल्यावर काही क्षण गलितगात्र होतात. अशा वेळी सगळे जण वार करण्यातच वेळ घालवतात, पण दोनच मास्क उरले असतील तर ती वेळ बरं होण्याची.

डॅशबद्दल, म्हणजे झटक्यात पुढे झेपावण्याबद्दल, एक गैरसमज दुसऱ्या गेम्समधून येतो. तिथे लोळण घेतली की शत्रूच्या घावातून सुखरूप पलीकडे जाता येतं, म्हणून इथेही डॅश देणारा मॉथविंग क्लोक मिळाला की लोक शत्रूच्या अंगातून डॅश मारतात आणि मार खातात. हा डॅश तुम्हाला फक्त पटकन हलवतो, वाचवत नाही. आरपार जाऊ देणारा शेड क्लोक फार पुढे मिळतो. तोवर वरून उडी मारून जा किंवा मागे हटा.

आणि पोगो शिका. हवेत असताना खालची दिशा धरून वार केला की शत्रूवरून, अगदी काट्यांवरूनही, आपण वर उसळतो. पहिल्या तासाभरात हे हातात बसवलंत तर पुढचा निम्मा गेम सोपा जातो. किंग्ज पास या पहिल्याच भागात सराव करा, तिथे गमवायला काही नसतं.

एक शेवटची सूचना, नाव न घेता: एखादा बॉस पडला, संगीत थांबलं, तरी खोलीचं दार उघडेपर्यंत हात ढिला सोडू नका. सिटी ऑफ टिअर्समध्ये हे लक्षात ठेवाल तर बरं.

चार्म बदलत नाही त्याचं काय करायचं?

चार्म म्हणजे अंगावर लावायचे ताईत. ते बसवायला सुरुवातीला तीनच खाचा असतात. वेवर्ड कंपास एक खाच खातो. हिंडताना तो हवाच, पण बॉसच्या दारात तो ओझं आहे. चार्म फक्त बेंचवर, म्हणजे विसाव्याच्या बाकावर, बसूनच बदलता येतात, म्हणून बॉसआधीच्या बेंचवर एकदा थांबून विचार करण्याची सवय लावा. फ्रॅजाइल नावाचे तीन चार्म मेल्यावर मोडतात, त्यामुळे ज्या बॉससमोर अजून मरायचंच आहे तिथे ते घालू नका. आणि एखादी खाच रिकामी असताना जास्तीचा चार्म जोर लावून बसवता येतो, पण मग प्रत्येक मार दुप्पट बसतो. हे जाणूनबुजून करा, चुकून नको.

हिंडताना: खिसा भरला की परत फिरा

मेल्यावर तुमचा सगळा जिओ, म्हणजे गेममधला पैसा, जिथे पडलात तिथे शेडकडे, म्हणजे तुमच्याच सावलीकडे, राहतो. सोलचं भांडंही तडकतं आणि 99 ऐवजी 66 च मावतो. शेडला मारून ते परत मिळवायचं असतं. वाटेत पुन्हा मेलात तर पहिला जिओ कायमचा गेला. खरं नुकसान होतं ते या दुसऱ्या मरणात. माणूस चिडून, तडकलेल्या भांड्यानिशी, त्याच वाटेने धावत सुटतो आणि निम्म्या वाटेवर संपतो. दहा-वीस जिओसाठी धावू नका. मोठी रक्कम असेल तर सावकाश जा, वाटेतले शत्रू टाळत जा. शेड अवघड जागी अडकली असेल तर डर्टमाउथ गावात जीजी आहे. सिंपल कीने तिचं दार उघडून रँसिड एग दिलं की ती शेडला तुमच्याकडे बोलावते.

त्याहून चांगलं म्हणजे खिशात जास्त ठेवूच नका. स्लायच्या दुकानातला ल्युमाफ्लाय लँटर्न हा कंदील 1800 जिओचा आहे. एवढी रक्कम जमवण्याच्या नादात आहे तीही घालवलेले खूप जण मी पाहिलेत. यावर एक साधा उपाय गेममध्येच आहे. जुने अवशेष मेल्यावर जात नाहीत. वाँडरर्स जर्नल 200 चं, हॅलोनेस्ट सील 450 चं, किंग्ज आयडल 800 चं. ती सापडली की अवशेष विकत घेणाऱ्या लेमला लगेच विकू नका, तिजोरीतल्या सोन्यासारखी राहू द्या आणि काही घ्यायचं ठरलं की त्याच दिवशी विका. फॉग कॅनियनमध्ये मिलिबेल नावाची बँकवाली भेटेल. तिच्याकडे मोठी रक्कम ठेवण्याआधी दहादा विचार करा.

पैसे आले की पहिली खरेदी कुठली, यावर मतं वेगळी असतील. मी नेलला धार लावायला सांगतो. सिटी ऑफ टिअर्समध्ये नेलस्मिथ फक्त 250 जिओत 5 चा वार 9 चा करून देतो आणि पहिल्या खेपेला पेल ओर हे दुर्मीळ खनिजही मागत नाही. दोन-दोन आठवडे एकाच बॉसवर अडकलेल्या माझ्या भाच्याला मी विचारलं, ‘नेलला धार लावलीस का?’ त्याला नेलस्मिथ भेटलाच नव्हता.

नकाशाचं तंत्र पहिल्यांदा कुणालाच कळत नाही. नव्या भागात गेलात की आधी नकाशे विकणारा कॉर्निफर शोधा. जमिनीवर पडलेले कागद आणि त्याचं गुणगुणणं तुम्हाला त्याच्याकडे नेतं. पण त्याच्याकडून घेतलेल्या नकाशात तुम्ही नंतर पाहिलेल्या खोल्या आपोआप भरत नाहीत. त्यासाठी डर्टमाउथमध्ये इसेल्डा या दुकानदारणीकडून क्विल, म्हणजे लेखणी, घ्यावी लागते आणि मग बेंचवर बसलात की नकाशा पुरा होतो. ‘मी जाऊन आलो, तरी नकाशात दिसत नाही’ ही तक्रार आली की क्विल नसते, नाहीतर अजून बेंच आलेलं नसतं. तिच्याकडेच पिना आणि मार्करही मिळतात. जिथे हात पोचत नाही अशी कडा किंवा न उघडणारं दार दिसलं की तिथे मार्कर लावा. दहा तासांनी ते कुठे होतं हे आठवत नाही.

आवाज बंद करून खेळणं हीसुद्धा चूकच आहे आणि प्रवासात स्विचवर खेळणाऱ्यांकडून ती हमखास होते. जवळपास बरणीत कोंडलेली अळी असेल तर तिचं रडणं ऐकू येतं. अशा 46 अळ्या आहेत. फुटणाऱ्या भिंतीवर नेल मारला की आवाज वेगळा येतो. ख्रिस्तोफर लार्किन यांचं संगीत तर आहेच, पण इअरफोन लावायचे ते या खुणांसाठीही.

कुठेच जाता येत नाही असं वाटलं तर

बहुतेक जण दोन ठिकाणी अडकतात. ग्रीनपाथच्या तोंडाशी एल्डर बाल्डर हा शत्रू वाट अडवून बसलेला असतो आणि नेलने तो हटत नाही. त्यासाठी अँसेस्ट्रल माउंडमधल्या स्नेल शामनकडून व्हेंजफुल स्पिरिट घ्यायचा. दुसरी जागा हॉर्नेटनंतरची. डॅश मिळालेला असतो, पण पुढे कुठे ते कळत नाही. क्रॉसरोड्समधून फंगल वेस्ट्समध्ये उतरा, मँटिसांच्या गावात भिंती चढू देणारा मँटिस क्लॉ मिळवा. त्यासाठी मँटिस लॉर्ड्सना हरवावं लागत नाही. मग फॉल्स नाइटकडून मिळालेली सिटी क्रेस्ट वापरून सिटी ऑफ टिअर्सचं दार उघडा. तिथून पुढे गेम मोकळा होतो आणि मग कुणाला विचारू नका, हिंडा.

डीपनेस्टमध्ये वेळेआधी पडलात तर घाबरू नका. फंगल वेस्ट्सच्या खालच्या भागातून तिथे जाता येतं आणि कंदील नसेल तर तो भाग फार अंगावर येतो. तिथल्या एखाद्या बेंचवर बसण्याआधी गेम सेव्ह करून मेन्यूत बाहेर पडा. परत सुरू केलात की शेवटच्या बेंचवर उगवता, जिओ आणि मिळालेल्या वस्तू तशाच राहतात. काही जण याला लबाडी म्हणतात. मी म्हणत नाही, कारण तिथे अडकून गेम कायमचा सोडून देणारे लोक मला माहीत आहेत.

बटणं दाबली तरी ऐकत नसेल

आपली चूक की यंत्राची, हे आधी वेगळं करा. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा. त्याशिवाय चित्र उशिरा दिसतं आणि वार चुकतात. ब्लूटूथ कंट्रोलर केबलने जोडून पाहा. स्टीमवर बटणं दोनदा लागत असतील तर त्या गेमपुरतं स्टीम इनपुट चालू-बंद करून फरक पाहा. कीबोर्डवर वरची बाण-कळ, बाजूची बाण-कळ आणि वार अशा तीन कळा एकदम दाबल्या की स्वस्त कीबोर्डांना तिसरी कळ ऐकूच येत नाही. वाराची कळ दुसरीकडे नेली की बहुधा सुटतं.

एक गोष्ट मात्र यंत्राची वाटते पण नसते. ‘बरं व्हायला गेलो आणि मंत्र सुटला’ असं होतं, कारण तेच बटण नुसतं टिचकावलं तर मंत्र आणि धरून ठेवलं तर फोकस. गडबडीत बोट लवकर सुटतं. कंट्रोल्समध्ये क्विक कास्टचं वेगळं बटण असतं. मंत्र नेहमी त्याच बटणाने टाका, दुसरं फक्त बरं होण्यासाठी ठेवा.

वॉचर नाइट्स या बॉसच्या खोलीपाशी माझे किती प्रयत्न वाया गेले ते मोजलेले नाहीत. सहा जण एकामागून एक जिवंत होतात. मी वार मोजले, चार्म बदलले, नेलला आणखी धार लावून आलो. मग एका रात्री लढायचं सोडून बाहेरच्या खोलीच्या भिंतींवर नेल आपटत बसलो. एक भिंत फुटली, आतून वाट वर गेली आणि रिंगणाच्या छतापाशी निघाली. तिथे एक झुंबर टांगलेलं होतं. त्यावर वार केला, ते खाली कोसळलं आणि पुढच्या लढाईत सहाऐवजी पाचच उठले.