द्राक्षमळ्याचा दाखला आणि संध्याकाळचा रोज

बायबलमधल्या मत्तय 20:1-16 या दाखल्यात द्राक्षमळ्याचा धनी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत मजूर लावत राहतो आणि शेवटी सगळ्यांना सारखाच रोज देतो; पहाटे आलेले त्यावर कुरकुरतात. हा दाखला मराठवाड्यात फार समजावून सांगावा लागत नाही. जालन्याच्या किंवा लातूरच्या मजूर अड्ड्यावर सकाळी डबा घेऊन उभा असलेला माणूस त्यातलं प्रत्येक वाक्य ओळखतो. उपदेशात मात्र हा दाखला बहुतेक वेळा स्वर्गापुरता ठेवला जातो: उशिरा विश्वासात आलेल्यालाही तारण सारखंच. ते खरंच आहे. पण आपल्यापैकी ज्यांच्याकडे शेत आहे, घराचं बांधकाम चालू आहे किंवा धुण्याभांड्याला बाई येते, त्यांना हा दाखला रोजाबद्दलही विचारतो.

कॉटेज मिटिंगमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, वाचन 20:1 पासून नको, 19:27 पासून सुरू करा. ‘आम्ही सगळं सोडलं, आम्हाला काय मिळणार?’ असं येशूचा शिष्य पेत्र विचारतो, आणि दाखला त्याच बोलण्याच्या ओघात येतो. हे सुटलं की कुरकुरणारे मजूर म्हणजे दुसरेच कुणीतरी वाटतात. मग वेळा कागदावर मांडा: पहाट, तिसरा तास म्हणजे सकाळचे 9, सहावा 12, नववा 3, अकरावा संध्याकाळचे 5. कारभारी असूनही धनी पाचही वेळा स्वतः जातो. पहाटेच्यांशी एक दीनार ठरला, म्हणजे त्या काळचा मजुराचा एका दिवसाचा रोज. नंतरच्यांना ‘योग्य ते देईन’ एवढंच सांगितलं. यावर चर्चच्या मंडळीतल्या मजुरी करणाऱ्यांना आधी बोलू द्या, शिकवणाऱ्याने शेवटी बोलावं.

दोन चुका नेहमी होतात. शेवटी आलेले आळशी होते असं सांगितलं जातं, पण ते स्वतः म्हणतात की आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. दुपारपर्यंत अड्ड्यावर कोण उरतं ते पाहा: म्हातारे, हात अधू असलेले, कडेवर लेकरू असलेल्या बाया. दुसरी चूक म्हणजे पहिल्यांचा हक्क बुडाला असं समजणं. त्यांना ठरलेलं पूर्ण मिळालं.

आता व्यवहार. गाडीत बसण्याआधी सगळ्यांसमोर ठरवा: रोज किती, सुट्टी किती वाजता, जाण्यायेण्याचं भाडं कुणाचं. पैसे त्याच संध्याकाळी द्या. लेवीय 19:13 आणि अनुवाद 24:15 यात तडजोड नाही. ‘सुटे नाहीत’, ‘सोयाबीन विकलं की देतो’ इथेच बहुतेक जण अडखळतात, म्हणून काढणीच्या आदल्या दिवशीच सुट्या नोटा आणून ठेवा. फोनवरून देत असाल तर बाईचा रोज तिच्याच खात्यावर जाऊ द्या, मुकादमाच्या किंवा नवऱ्याच्या नाही. आणि त्याच कामाला बाईला कमी देऊ नका. समान वेतनाचा कायदा देशात 1976 सालीच झाला. ‘शेजारचे भाव बिघडतात’ अशी ओरड होईल. होऊ द्या.

खरी गफलत गुत्त्यात, म्हणजे सगळं काम एकाच ठरीव रकमेला देण्यात, होते. समजा एका एकराच्या काढणीचं गुत्तं 4,000 रुपयांना दिलं. पाच जणी दोन दिवसांत उरकतात, तर दहा रोज भरतात आणि प्रत्येकीला 400 पडतात. पाऊस आला, तण जास्त निघालं आणि तेच काम तीन दिवस चाललं, तर पंधरा रोज होतात आणि रोज 267 वर येतो. ठरलेलं दिलं म्हणून आपण मोकळे झालो, असं इथे विश्वासणाऱ्याने म्हणू नये. 400 च्या हिशोबाने 6,000 होतात, वरचे 2,000 भरून द्या. त्या दिवसांचा पाऊस त्यांच्या हातात नव्हता. पावसाने दुपारीच काम थांबलं तरी हाच विचार करा. घरी पीठ तर पूर्ण दिवसाचंच लागतं.

दसऱ्यानंतर उसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी मंडळीने एक वही ठेवावी: कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, मुकादमाने किती कापली, खाडे किती लावले. एक प्रत कुटुंबाकडे, एक पाळकांकडे. नोंद नसली की फिटलेली उचलही पुढच्या हंगामात अंगावर येते. पोरं मागे राहत असतील तर त्यांच्या जेवणाची आणि शाळेची जबाबदारी घरं वाटून घेऊ शकतात.

जुना सालगडी कुरकुर करेल: ‘मी वर्षभर राबतो आणि दुपारी आलेल्यालाही तेवढंच?’ त्याला झिडकारू नका. दाखल्यातला धनीही कुरकुरणाऱ्याला मित्र म्हणूनच हाक मारतो. बाजूला घेऊन बोला, त्याचं ठरलेलं एक रुपयानेही कमी झालं नाही हे हिशोबासकट दाखवा. मग मात्र त्याचं सालही तपासा. गुढीपाडव्याला ठरलेला आकडा 365 ने भागा, आणि तो तुम्ही अड्ड्यावर देता त्या रोजापेक्षा खाली येत असेल तर पुढच्या पाडव्याची वाट न पाहता वाढवा.