जीपीएस वापरताना या चुका टाळा

जीपीएसने घोटाळा केला असं सांगणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी पडद्यावरचा आकडा नीट वाचलेलाच नसतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे तो आकडा कुठल्या जागेचा आहे हे न पाहणं. ५ डिसेंबर २००१ला कंदहारजवळ अमेरिकी तुकडीने बी-५२ विमानाला तालिबानी ठाण्याचे अक्षांश-रेखांश द्यायचे होते. ऐन वेळी हातातल्या रिसीव्हरची बॅटरी संपली. ती बदलल्यावर यंत्र सुरू होताना स्वतःचीच जागा दाखवायचं, आणि तोच आकडा वर कळवला गेला. सुमारे ९०० किलोचा बॉम्ब सांगितल्या जागी बिनचूक पडला. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांच्या बाजूचे अफगाण लढवय्ये ठार झाले. पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झालेले हमीद करझाईही जखमी झाले.

'करंट लोकेशन' दाबून मोकळे होणारे हेच करतात. पाहुण्यांना कार्यालयाचा पत्ता हवा असतो आणि यांची पिन वाटेतल्या पेट्रोल पंपाची. यंत्र बंद पडून सुरू झालं की मी आधी उभ्या जागेचा आकडा ताडून बघतो, मग गंतव्याचा आकडा समोरच्याकडून मोठ्याने वाचून घेतो. लोक हसतात. हसू देत.

दुसरं, अंश-मिनिटांची खिचडी. एका अंशाची साठ मिनिटं होतात, म्हणून अक्षांश २० अंश ३०.५ मिनिटं म्हणजे २०.५०८३ अंश. घाईत कुणी २०.३०५ टाइप करतो आणि साडेबावीस किलोमीटर दक्षिणेला जाऊन पोचतो. पाठवताना एकच पद्धत ठरवा, आणि शक्यतो दशांश अंशच वापरा.

नवा रिसीव्हर खोलीत चालू करून 'लागत नाही' म्हणून परत करू नका. नेटची मदत नसेल तर प्रत्येक उपग्रहाकडून त्याच्या कक्षेची माहिती यायलाच अर्धा मिनिट लागतो. मोकळ्या आभाळाखाली थांबा जरा!

अमेरिकी लष्कर आपला सिग्नल मुद्दाम बिघडवतं, हे मे २०००मध्येच बंद झालं. आता सैन्याचा खरा फायदा सांकेतिक सिग्नलचा, ज्याची नक्कल करणं फार अवघड.

राहिला जॅमर, म्हणजे जीपीएसचा सिग्नल दाबून टाकणारं यंत्र. मालकाला गाडी दिसू नये म्हणून तो लावणारे महाभाग आहेत. सिग्नल वीस हजार किलोमीटरवरून येतो, इतका क्षीण की खिशातलं यंत्रही तो बुडवतं, आणि फक्त आपल्या गाडीपुरता नाही. अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळाच्या उपग्रहाधारित लँडिंग यंत्रणेत अडथळा येत होता, तो अशाच एका ट्रकमधून. चालकाला २०१३मध्ये जवळपास ३२ हजार डॉलर दंडाची नोटीस निघाली.