बोरन्हाणाचा खाऊ: काय आणायचं, किती आणायचं, कुणाच्या हातात काय द्यायचं

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण करता येतं, त्यामुळे दिवस ठरवायची घाई नसते. दिवस ठरला की मात्र आठ दिवस आधी कागद-पेन घेऊन बसा, आणि सामानाच्या यादीआधी मुलांची यादी करा. कोण कोण येणार, प्रत्येकाचं वय किती, कुणाला शेंगदाणा किंवा तीळ सोसत नाही का, हे त्यांच्या आयांना फोन करून विचारा. नावांचे तीन गट पाडा: वर्षाच्या आतली, वर्ष ते चार वर्षांची, आणि चारच्या पुढची. पुढची सगळी खरेदी या तीन गटांवर ठरते.

वयाचा एवढा आग्रह का, ते सांगते. माझ्या मोठ्या मुलीच्या बोरन्हाणाला शेजारचं दीड वर्षाचं बाळ आलं होतं. डोक्यावरून चुरमुरे, बोरं, गोळ्या पडल्या, पोरं तुटून पडली, आणि त्या गर्दीत बाळाच्या तोंडात एक गोल कडक गोळी गेली. आधी ठसका, मग आवाजच बंद. त्याच्या आजीने त्याला पालथं धरून पाठीत थापट्या मारल्या आणि गोळी बाहेर पडली. सगळं मिळून अर्धं मिनिट झालं असेल, पण त्यानंतर मी एकही कडक गोळी वरून ओतलेली नाही. चार वर्षांखालच्या मुलांना कडक पदार्थ नीट चावता येत नाहीत, श्वासनलिका अरुंद असते, आणि खेळताना-हसताना तोंडातला घास चुकीच्या वाटेने जातो. म्हणून या वयाला कडक गोळ्या, अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्या आणि बी असलेली बोरं द्यायची नाहीत. कपातून तोंडात ओढून घ्यायची जेली तर कुठल्याच वयाला नको. ती घशात अडकते म्हणून युरोपीय संघाने तिच्यावर बंदीच घातली आहे.

याच कागदावर दुसरी नोंद: घशात काही अडकलं तर काय करायचं, हे घरातल्या निदान एका मोठ्या माणसाने शिकून घ्यायचं. बाळाच्या लसीकरणाला जाल तेव्हा डॉक्टरांकडून हात धरून शिकून घ्या. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यायचं. आवाज फुटत नसेल तर लगेच पाठीवर थापट्या सुरू करायच्या, अडकलेली वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालायचं नाही, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. बोरन्हाण सुरू असताना एका मोठ्या माणसाने फोटो न काढता फक्त लहानांकडे बघत बसायचं. आमच्याकडे हे काम माझा भाऊ करतो.

आता साखरेचा हिशोब. तो दुकानात जायच्या आधी करायचा, कारण दुकानात उभं राहिलं की हात सैल सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवता आली तर आणखी चांगलं. चार वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३०० उष्मांक लागतात असं धरलं, तर ५ टक्के म्हणजे १६ ग्रॅम, चहाचे चार चमचे. एक कडक गोळी चार-पाच ग्रॅमची असते आणि ती जवळजवळ सगळी साखरच. म्हणजे तीन-चार गोळ्यांत दिवसाचा कोटा संपला. दूध-साखर, जॅम-पोळी, बिस्किटं वेगळीच. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना तर वरून घातलेली साखर देऊच नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही चाटवायचं नाही. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

इथे गुळाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण ‘गुळाचं आहे, काही होत नाही’ हे वाक्य मी प्रत्येक बोरन्हाणात ऐकते. गुळाला चव आहे, थोडं लोह आहे, संक्रांतीला त्याचा मान आहे, आणि मला तो साखरेपेक्षा फार आवडतो. पण दातांसाठी आणि या चार चमच्यांच्या हिशोबात गूळ साखरच धरायचा. गुळाच्या खाऊत जमेची बाजू असते ती त्यातले तीळ, दाणे, राजगिरा. त्यामुळे वडीत तीळ भरपूर आणि गूळ बांधणीपुरता, असं प्रमाण ठेवा.

चार दिवस आधी बाजार करा. पहिली पिशवी ताज्या मालाची. चण्यामण्या बोरं, मोठी ॲपल बोरं, उसाचे करवे, ओल्या हरभऱ्याचे घाटे, गाजरं, पेरू. जानेवारीत हे सगळं ऐन भरात असतं आणि गोळ्यांच्या पाकिटापेक्षा स्वस्त पडतं. बोरन्हाण मुळात याच मालाचं होतं, म्हणून तर त्याच्या नावात बोर आहे. चॉकलेटं, बिस्किटं नंतर आली आणि हळूहळू बोरंच कोपऱ्यात गेली. टोपल्यात निम्म्याहून जास्त चुरमुरे, पाव हिस्सा बोरं आणि घाटे, आणि उरलेल्यात गोड, एवढं धरलं की टोपलं भरल्यासारखं दिसतं आणि पोरांना वेचायला खूप मिळतं. मी इतक्या वर्षांत पाहिलंय, पोरांचा जीव वेचण्यात असतो. घाटा सापडला तरी ती तेवढ्याच जोराने ओरडतात.

दुसरी पिशवी वाणसामानाची. आपल्याकडे कागदात गुंडाळलेलं काहीही ‘चॉकलेट’च असतं, गोळीसुद्धा, त्यामुळे कुणाला आणायला सांगताना नेमकं सांगा. खरं चॉकलेट घेणार असाल तर वेष्टन उलटं करून घटक वाचा. जो पदार्थ वजनाने सगळ्यात जास्त, तो यादीत पहिला लिहिलेला असतो. कोको बटरऐवजी वनस्पती तेल लिहिलं असेल तर ते चॉकलेटसारखं दिसणारं काहीतरी आहे, ठेवून द्या. दुधाच्या चॉकलेटमध्येही साधारण निम्मं वजन साखरेचं असतं, पण त्याचा पाच ग्रॅमचा छोटा तुकडा तोंडात चटकन विरघळून जातो. टॉफी आणि चिवट जेली दाढांच्या खाचांत तासभर बसून राहतात. दोन्हींत निवडायचं झालं तर मी डोळे मिटून चॉकलेटचा तुकडा घेईन. द्रव ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन ही नावं दिसली तर ती साखरेच्याच खात्यात मांडा. पाकिटाच्या मागे १०० ग्रॅममागे वरून घातलेली साखर किती, हेही छापलेलं असतं. त्याला चारने भागा, चमचे कळतात.

रंगही बघून घ्या. १०२, ११०, १२२, १२४ हे आकडे घटकांत असतील तर ते पिवळे, केशरी, लाल कृत्रिम रंग. आपल्याकडे त्यांना ठरावीक प्रमाणात परवानगी आहे. युरोपात २०१० पासून अशा खाऊवर ‘मुलांच्या चंचलतेवर आणि लक्ष लागण्यावर वाईट परिणाम होऊ शकतो’ अशी सूचना छापावी लागते. मला ती सूचना पुरेशी वाटते, मी ते रंग घेत नाही. बरणीतल्या सुट्या, वेष्टन नसलेल्या रंगीत गोळ्या आणि गुलाबी बुढ्ढी के बाल पूर्ण टाळा. २०२४ साली तमिळनाडूने बुढ्ढी के बालच्या विक्रीवर आणि कर्नाटकाने त्याच्या रंगीत प्रकारावर बंदी घातली, ती त्यात कपड्याला वापरायचा रोडामाइन-बी रंग सापडला म्हणून. ‘शुगरफ्री’ गोळ्यांच्याही वाटेला जाऊ नका. त्या मुलांना जास्त झाल्या तर जुलाब होतात, आणि जिभेची गोडाची सवय आहे तशीच राहते.

चारच्या पुढच्या मुलांसाठी थोड्या गोळ्या घ्यायला माझी ना नाही. मालेगावजवळच्या रावळगावच्या गोळ्या चघळत आमची पिढी वाढली, आणि ती चव आपल्या मुलांना माहीत असावी असं मलाही वाटतं. फक्त त्या टोपल्यात न टाकता मोजून पुडीत घालायच्या, माणशी दोन.

हलव्याच्या दागिन्यांना वेगळी ओळ द्या. काटेरी हलवा म्हणजे तिळावर किंवा साबुदाण्यावर मंद आचेवर थेंबाथेंबाने चढवलेला साखरेचा पाक. फार कष्टाची आणि सुंदर गोष्ट आहे ती, दागिने जरूर घाला. पण पांढरा हलवा निवडा, दोरा ओढून तपासा, आणि लहान बाळाच्या अंगावरचे दागिने औक्षण आणि फोटो झाले की लगेच उतरवा. बाळ हार तोंडात घालतंच, आणि सुटलेला दाणा घशाच्या मापाचा असतो. हार आणि मनगटातलं आधी काढा, मग मुकुट, बाजूबंद.

दोन दिवस आधी घरचा खाऊ करून ठेवा. लहानांसाठी माझा नेहमीचा म्हणजे खजूर-तिळाचे लाडू. पाव किलो मऊ खजुराच्या बिया एकेक बघून काढायच्या, शंभर ग्रॅम तीळ खमंग भाजून भरड करायचे, पन्नास ग्रॅम दाण्याचं बारीक कूट. चमचाभर तुपात खजूर मऊ करून सगळं मळायचं आणि सुपारीएवढे लाडू वळायचे. पंचवीस होतात. वरून साखर-गूळ काहीच नाही, तरी खजूर दाताला चिकटतो, त्यामुळे लाडू खाल्ल्यावर पाणी प्यायला द्यायचंच. ज्यांच्याकडे शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी कूट न घालता वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने करा. तिळाची वडी साध्या गुळाची, मऊ करा. चिक्कीच्या गुळाची कडक वडी आणि लोणावळ्याची चिक्की मोठ्यांच्या डब्यात जाऊ दे. राजगिऱ्याची वडी दोन-तीन वर्षांच्या मुलांना फार सोपी जाते, दाबली की भुगा होतो.

आणि नातेवाईक. आत्या, मावश्या प्रेमाने किलोभर चॉकलेटं घेऊन येतात, दारात त्यांना काही बोलता येत नाही आणि बोलूही नये. आधीच निरोप पाठवा. मी असा पाठवते: ‘आत्या, शनिवारी पाचला नक्की या. खाऊ आणणार असाल तर या वेळी बोरं किंवा पेरू आणाल का? गोळ्या-चॉकलेटं मी आणून ठेवली आहेत. तुमच्या हातची तिळाची मऊ वडी मिळाली तर सगळ्यांना हवी आहे.’ काम सांगितलं की माणसं आनंदाने करतात. माझ्या सासूबाईंना पहिल्या वर्षी हे थोडं लागलं होतं. आता घाटे निवडायला त्याच सगळ्यांच्या आधी बसतात.

आदल्या दिवशी पुड्या भरा. कागदी पुड्या, प्रत्येकीवर नाव. लहान गटाच्या पुडीत खजुराचा लाडू, बी काढून कापलेलं बोर, आणि दोन वर्षांच्या पुढच्यांना राजगिऱ्याची वडी. मोठ्या गटात तिळाची वडी, चॉकलेटचा एक तुकडा, दोन गोळ्या, मूठभर तासगावचे बेदाणे. वर्षाच्या आतल्या बाळांना खाऊच नको, एक खुळखुळा किंवा कापडी चेंडू पुरतो. मोठ्यांच्या पुडीत खडूची पेटी किंवा पेन्सिल टाकली की पुडी जड लागते आणि गोड आपोआप कमी घातलं जातं.

त्या दिवशी वेळ संध्याकाळी पाचची ठेवा आणि ओतण्याच्या आधी मटार घातलेले गरम पोहे सगळ्यांना द्या. भरल्या पोटी पोरं खाऊ जमवतात जास्त आणि खातात कमी. पाटाखाली धुतलेली चादर अंथरा. उसाचे करवे आणि मोठी बोरं डोक्यावर ओतू नका, लागतात. ती भोवती पसरा आणि डोक्यावरून फक्त चुरमुरे, तेही चेहऱ्यावर न येतील असे. कडेवरच्या बाळांना चादरीपासून लांब ठेवा. वेचणं संपलं की पुड्या वाटा, आणि प्रत्येक मुलाला चूळ भरायला लावा. रात्री दात घासायचे, तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, पुढच्यांना वाटाण्याएवढी.

उरलेला खाऊ डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवा आणि आठवड्यातून एकच दिवस, जेवणानंतर काढा. रोज थोडं थोडं देण्यापेक्षा एकदाच दिलेलं दातांना कमी लागतं, कारण प्रत्येक वेळी गोड खाल्लं की पुढची वीस-तीस मिनिटं तोंडातले जंतू आम्ल तयार करत राहतात. स्वीडनमध्ये शनिवारीच गोळ्या खायची पद्धत आहे. तिच्या मागे विपेहोल्म रुग्णालयातले १९४० च्या दशकातले प्रयोग आहेत. तिथल्या मतिमंद रुग्णांना त्यांच्या संमतीशिवाय चिकट टॉफ्या खायला घालून दात किडवले गेले. दोन जेवणांच्या मध्ये चिकट गोड सारखं खाल्लं की दात सर्वांत जास्त किडतात, हे त्यातून कळलं. त्या माणसांनी सोसलं ते विसरू नये म्हणून मी हे मुलीलाही सांगितलं आहे. आमच्याही डब्यावर तिने ‘शनिवार’ असं लिहून चिकटवलंय.

शेवटचं काम पाहुणे गेल्यावरचं, आणि ते सकाळवर ढकलू नका. दिवाण, सोफा, कपाट सगळं सरकवून केर काढा आणि केरात गोळी, दाणा, बोराची बी दिसते का बघा. रांगणारं मूल सकाळी उठल्या उठल्या तिथेच पोचतं.