कुत्र्या-मांजरांच्या नेहमीच्या तक्रारींवर आहार आणि सप्लिमेंट कसे वापरावे

कुत्र्याला खाज सुटली, मांजरीचे केस गळू लागले किंवा म्हातारा लॅब्रेडॉर जिन्याच्या पायथ्याशी थबकू लागला, की घरात सर्वांत आधी एखाद्या टॉनिकचा शोध सुरू होतो. जवसाचे तेल, हळद, कॅल्शियमचे सिरप, लिव्हर टॉनिक असे एकामागून एक सुरू होते, पण त्या प्राण्याच्या पोटात दिवसभरात नेमके काय जाते याचा हिशोब सहसा कोणी मांडत नाही. समग्र विचार करायचा तर सुरुवात या हिशोबापासूनच करावी लागते, कारण सप्लिमेंटचा खरा उपयोग आहारातील एखादी ठरावीक उणीव भरून काढण्यात असतो, आणि ती उणीव कोणती हे ठाऊक नसताना दिलेली बाटली बहुधा वाया जाते व कधीकधी अपाय करते.

म्हणून पहिले काम म्हणजे एक आठवडा वही ठेवणे. सकाळ-संध्याकाळच्या जेवणाबरोबरच ग्लुकोज बिस्किट, चहात बुडवलेला टोस्ट, आजोबांनी ताटाखालून दिलेला पोळीचा तुकडा, मुलांनी टाकलेले पनीर हे सगळे त्यात यायला हवे. त्याच आठवड्यात प्राण्याचे वजन करावे. लहान प्राण्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे. मग दोन्ही हातांचे तळवे त्याच्या बरगड्यांवरून हलकेच फिरवून पाहावेत. फार न दाबता बरगड्या बोटांना मोजता आल्या आणि वरून पाहताना कंबर आत गेलेली दिसली, तर वजन योग्य समजावे.

कुत्र्याला किती उष्मांक लागतात याचा ढोबळ अंदाज घरीही काढता येतो. किलोमधील वजनाला 30 ने गुणून त्यात 70 मिळवले, की विश्रांतीच्या अवस्थेतील गरज मिळते, आणि नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्या आकड्याची 1.4 ते 1.6 पट धरतात. म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 520 ते 590 किलोकॅलरी पुरतात. वरखाण्याचा वाटा यातील दहा टक्क्यांच्या आत असावा. तो होतो 55 किलोकॅलरीच्या आसपास, म्हणजे जेमतेम अर्धी पोळी. हा आकडा पाहिल्यावर अनेक घरांना आपला कुत्रा ‘काहीच खात नाही’ तरी जाड का होतो, याचे उत्तर मिळते.

महाराष्ट्रातील कितीतरी कुत्री आजही दूध-पोळीवर वाढतात. या जेवणात पोट भरते, पण प्रथिने कमी पडतात, जस्तासारखी खनिजे आणि आवश्यक मेदाम्ले कमी पडतात, आणि रुक्ष, कोंडा धरलेली कातडी हे त्याचे पहिले दिसणारे लक्षण असते. याच्या उलट टोकाला फक्त मांसावर वाढवलेली पिल्ले असतात. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते, त्यामुळे शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेते आणि पिल्लाची हाडे ठिसूळ होतात. घरी शिजवायचे असेल, तर 10 किलोच्या प्रौढ, निरोगी कुत्र्यासाठी एक चौकट अशी धरता येईल: हाडे व कातडी काढून उकडलेली सुमारे 120 ग्रॅम चिकन ब्रेस्ट, 150 ग्रॅम शिजलेला भात, एक उकडलेले अंडे, लाल भोपळा, दुधी किंवा गाजर यांच्या मऊ फोडी 60 ग्रॅम आणि एक चहाचा चमचा तेल. यातून साधारण 530 किलोकॅलरी मिळतात. मीठ, मसाला, फोडणी काहीही घालू नये.

यात कॅल्शियम बाहेरून घालावेच लागते, आणि त्यासाठी अंड्याचे कवच हा स्वस्त व चांगला मार्ग आहे. कवचे धुऊन दहा मिनिटे उकळावीत, कडक उन्हात किंवा तव्यावर पूर्ण कोरडी करावीत आणि मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी बारीक करून चाळून घ्यावीत; बोटांच्या चिमटीत कण टोचता कामा नयेत. सपाट चहाच्या चमच्यात साधारण 5 ग्रॅम पूड बसते आणि तीत सुमारे 1.9 ग्रॅम कॅल्शियम असते. वरील जेवणाला त्याचा एक तृतीयांश चमचा पुरेसा होतो. तरीही ही चौकट अपुरीच आहे, कारण तीत जस्त, तांबे, आयोडीन, ‘ड’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वे कमी पडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी 2013 मध्ये घरगुती जेवणाच्या 200 पाककृती तपासल्या, तेव्हा 95 टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी आढळला, आणि त्यांतील बऱ्याच पाककृती पशुवैद्यकांनीच लिहिलेल्या पुस्तकांतल्या होत्या. त्यामुळे काही आठवड्यांपलीकडे घरचे जेवण चालवायचे असेल, तर कुत्र्यांसाठीच बनवलेले खनिज-जीवनसत्त्वांचे मिश्रण डॉक्टरांकडून प्रमाणासह लिहून घ्यावे. चांगल्या प्रतीचे, त्या वयासाठी संपूर्ण म्हणून विकले जाणारे तयार खाद्य देणे यात कमीपणा काहीच नाही.

येथे एका गोष्टीबद्दल मला फार तळमळीने सांगावेसे वाटते. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांची पिल्ले घरी आली, की ‘हाडे मजबूत व्हावीत’ म्हणून कॅल्शियमचे सिरप सुरू करण्याची आपल्याकडे जणू प्रथाच आहे. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही; दिले तेवढे बरेचसे रक्तात शिरते आणि मोठ्या जातीच्या पिल्लांत त्यामुळेच हाडांची व सांध्यांची वाढ बिघडते. पिल्लांसाठीचे संपूर्ण खाद्य चालू असेल, तर वर कॅल्शियमचा एक थेंबही नको.

आता खाज. आपल्या हवामानात खाजणाऱ्या कुत्र्याची तपासणी गोचीड, पिसवा आणि खरजेपासून सुरू होते, अन्नापासून नव्हे. कानांच्या आत, पायांच्या बोटांमध्ये आणि शेपटीच्या मुळाशी केस उलटे करून पाहावे. पिसवांवरचे नियमित औषध घरातल्या सर्व प्राण्यांना एकाच वेळी दिल्याशिवाय आहाराच्या कोणत्याही प्रयोगाचा निष्कर्ष काढता येत नाही. एवढे करूनही खाज राहिली, विशेषतः ती बारमाही असेल, कान वारंवार बिघडत असतील किंवा सोबत शौचाचीही तक्रार असेल, तर अन्नाच्या ॲलर्जीचा विचार करावा. कुत्र्यांत ही ॲलर्जी सर्वाधिक आढळते ती बीफ, दूध-दुभते, चिकन आणि गहू यांची. आपल्या दूध-पोळी-चिकनच्या वाटीत यांपैकी तीन एकत्र असतात!

याची खात्री रक्तचाचणीने होत नाही. आठ आठवड्यांच्या वर्ज्य आहारानेच होते. त्या कुत्र्याने पूर्वी कधी न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ निवडावा, उदाहरणार्थ मासा आणि रताळे, किंवा डॉक्टरांनी सुचवलेले हायड्रोलाइज्ड, म्हणजे आधीच बारीक तुकडे केलेल्या प्रथिनांचे खाद्य वापरावे. या काळात बिस्किट, दूध, पनीर, चघळायची हाडे, चवदार गोळ्या सगळे बंद. घरातील एका माणसाने गुपचूप दिलेला पोळीचा तुकडा आठवड्यांची मेहनत बुडवतो, म्हणून हा निर्णय सर्वांना बसवून सांगूनच घ्यावा. खाज कमी झाली, की जुने खाणे पुन्हा देऊन पाहावे. खाज परतली तरच निदान पक्के समजावे.

खाजेवर आणि कोरड्या कातडीवर ज्या सप्लिमेंटच्या बाजूने बऱ्यापैकी पुरावा आहे, ते म्हणजे माशांचे तेल. मात्र बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरांत लिहिलेला ‘1000 मिलिग्रॅम’ हा आकडा तेलाचा असतो. मागच्या बारीक छपाईत ईपीए आणि डीएचए या माशांच्या तेलातील ओमेगा-3 मेदाम्लांचे आकडे शोधावेत. साध्या कॅप्सूलमध्ये ते बहुधा 180 आणि 120, म्हणजे एकूण 300 मिलिग्रॅम निघतात. 20 किलोच्या कुत्र्याला त्वचेच्या तक्रारीसाठी या दोहोंचे मिळून सुमारे 1200 मिलिग्रॅम सुचवले जातात, म्हणजे अशा चार कॅप्सूल. एका कॅप्सूलने सुरुवात करून दोन आठवड्यांत हळूहळू तेथवर जावे. शौच पातळ झाले तर प्रमाण कमी करावे, आणि ज्या कुत्र्याला स्वादुपिंडाचा दाह होऊन गेला आहे त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये. कोकणपट्टीत तारली आणि बांगडा सहज मिळतात. काटे काढून, मीठ न घालता उकडलेले हे मासे उत्तम. सुकट आणि सुके बोंबील मात्र खारवलेले असतील तर टाळावेत. जवसातील ओमेगा-3 वेगळ्या प्रकारचे असते. कुत्र्याच्या शरीरात त्याचे उपयुक्त रूपांतर फार थोडे होते आणि मांजरीत जवळजवळ होतच नाही. कॉड लिव्हर ऑइल हे माशांच्या तेलाला पर्याय नाही, कारण त्यातून ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वांचा अतिरेक होऊ शकतो.

गोचीड-तापाविषयी एवढेच सांगतो, की प्लेटलेट उतरल्या म्हणून पपईच्या पानांच्या रसावर दिवस काढू नयेत. हा ताप आणणाऱ्या एर्लिकिया या जंतूवर डॉक्सिसायक्लिनचा 28 दिवसांचा कोर्स पूर्ण करावा लागतो, आणि रसाच्या भरवशावर गेलेले पहिले चार-पाच दिवस जिवावर बेततात.

जुलाब ही त्यामानाने घरी हाताळता येण्यासारखी तक्रार आहे, पण कोणाची, हे आधी पाहावे. कुत्रा प्रौढ आहे, लसीकरण झालेले आहे, तो खेळतो आहे, पाणी पितो आहे, शौचात रक्त नाही आणि उलट्या नाहीत, तर दोन-तीन दिवस मऊ भात दोन भाग आणि उकडलेले, तेलविरहित चिकन एक भाग असे थोडे थोडे चार वेळा द्यावे. त्यात 10 किलोच्या कुत्र्याला एक-दोन मोठे चमचे शिजवलेला लाल भोपळा किंवा अर्धा चहाचा चमचा इसबगोल भरपूर पाण्यात भिजवून मिसळता येतो. विद्राव्य तंतू पाणी धरून ठेवतात, म्हणून हेच उपाय बद्धकोष्ठतेतही कामी येतात. ताजे दही सोसणाऱ्या कुत्र्याला ते चमचाभर द्यायला हरकत नाही, परंतु ठरावीक जिवाणूंची मोजलेली संख्या असलेल्या प्रोबायोटिक पुडीची जागा दही घेत नाही. शौच घट्ट झाल्यावर चार-पाच दिवसांत जुन्या खाण्यावर परतावे. पिल्लाला, विशेषतः लस न झालेल्या पिल्लाला, जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या, तर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची शंका धरून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सांधेदुखीत लोक ग्लुकोसामाइनवर बराच खर्च करतात, आणि त्याचा पुरावा कच्चाच आहे. वजनाचा पुरावा मात्र भक्कम आहे. अमेरिकेत 48 लॅब्रेडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांना एक चतुर्थांश अन्न कमी दिले, ती कुत्री सरासरीने 13 वर्षे जगली, तर त्यांची भावंडे 11.2 वर्षे, शिवाय सांध्यांच्या दुखण्यावर औषध देण्याची वेळही कमी खाणाऱ्या कुत्र्यांवर उशिरा आली. आधीच लंगडणाऱ्या जाड कुत्र्याचे वजन 6 ते 9 टक्क्यांनी उतरले तरी त्याच्या चालीत फरक पडतो. म्हणून 35 किलोच्या लॅब्रेडॉरसाठी पहिले लक्ष्य तीन किलो कमी करण्याचे ठेवावे, दर पंधरा दिवसांनी वजन करावे, घरातील गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा रबरी पट्टी अंथरावी. माशांच्या तेलाचे प्रमाण सांध्यांसाठी त्वचेपेक्षा अडीच पटीपर्यंत जाते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावे. हळदीतील कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते; चिमूटभर हळदीने नुकसान नाही, पण तिच्यावर विसंबून दुखणाऱ्या कुत्र्याला वेदनाशामकावाचून ठेवणे योग्य नाही. ते वेदनाशामकही प्राण्यांसाठीचेच हवे, कारण आयबुप्रोफेनने कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते आणि पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते.

मांजर म्हणजे लहान आकाराचा कुत्रा नव्हे. तिला टॉरिन हे मांस-माशांतून मिळणारे अमिनो आम्ल शरीरात पुरेसे बनवता येत नाही, गाजरातून ‘अ’ जीवनसत्त्व मिळवता येत नाही, आणि त्यामुळे तिला शाकाहारी करता येत नाही. टॉरिनच्या अभावाने मांजरीचे हृदय फुगून दुबळे होते, हे डेव्हिसमध्येच 1987 मध्ये पॉल पायॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, आणि त्यानंतर तयार खाद्यांतील टॉरिन वाढवले गेले. दूध-भातावरच्या मांजरीला हे संरक्षण मिळत नाही. किनारपट्टीवर मांजरींना रोज कच्ची मासळी घालतात, तीही शिजवून घालावी, कारण अनेक कच्च्या माशांतील थायमिनेज हे द्रव्य ‘ब1’ जीवनसत्त्व नष्ट करते आणि मांजरीला झटके येऊ शकतात.

मांजरीच्या लघवीच्या तक्रारींवर सर्वांत उपयोगी पूरक म्हणजे पाणी. कोरड्या दाण्यांऐवजी वेट फूड, जेवणात दोन चमचे कोमट पाणी, घरात तीन-चार ठिकाणी रुंद भांडी, एवढ्याने लघवी पातळ राहते. बोका वारंवार वाळूत बसतो, कण्हतो आणि थेंबही होत नाही, तर ती रात्रीही थांबायची गोष्ट नाही. तसेच जाड मांजर दोन दिवस उपाशी राहिली तर यकृतात चरबी साचू लागते, म्हणून ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट नवे खाद्य लावताना करू नये.

स्वयंपाकघरातील काही वस्तू कोणत्याही निमित्ताने देऊ नयेत. कांदा आणि त्याहून जास्त लसूण तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि मांजर याबाबत कुत्र्यापेक्षाही नाजूक असते; गोचीड पळावेत म्हणून लसूण चारण्याचा सल्ला यासाठीच घातक आहे. द्राक्षे, मनुका, बेदाणे आणि चिंच यांतील टार्टारिक आम्लाचा संबंध कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या बिघाडाशी जोडला गेला आहे, तेव्हा चिंच-गुळाची आमटी भातावर ओतू नये. झायलिटॉल ही कृत्रिम साखर असलेले शुगर-फ्री पदार्थ आणि चॉकलेटही वर्ज्य. टी ट्री तेल, कापूर आणि निलगिरीचे तेल अंगाला लावू नये, कारण मांजर ते चाटूनच पोटात घेते.

सप्लिमेंट सुरू करायचेच असेल, तर एका वेळी एकच सुरू करावे, तारीख वहीत लिहावी आणि सहा ते आठ आठवडे तेच चालवून पाहावे. खाज किंवा लंगडणे रोज शून्य ते दहा अशा आकड्यात नोंदवावे, आणि दर आठवड्याला त्याच ठिकाणचा, त्याच उजेडात फोटो काढावा. मुदतीअखेर फरक दिसला नाही, तर ते बंद करावे. परळ, शिरवळ, नागपूर किंवा परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात वा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाताना ही वही आणि सर्व बाटल्या सोबत न्याव्यात. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर माशांचे तेल आणि कर्क्युमिन चालू असल्याचे आधीच सांगावे, कारण दोन्हींमुळे रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो.