ब्रॉडहेड डावीकडे का जात होतं?

मिशिगनमध्ये धनुष्याने हरणाच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो. सप्टेंबरमध्ये सरावाची टोकं २० यार्डांवर नेमकी बसत होती, पण ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं धारदार पात्यांचं टोक, लावलं की बाण वीतभर डावीकडे. असा बाण हरणावर सोडायचा नाही, हे मी ठरवलेलं होतं. जखमी जनावर रानात तडफडत राहणं मला सहन होत नाही.

आधी साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, सरकवत बसलो, दोन संध्याकाळी वाया गेल्या. मग दोन मीटरवर कागद ताणून त्यातून बाण मारला. मी उजव्या हाताचा, बोटांऐवजी रिलीजने, म्हणजे दोरी सोडायच्या खटक्याने, बाण सोडणारा; फाटलेला कागद सांगत होता की बाणाची शेपूट डावीकडे जातेय, म्हणजे बहुधा बाण मऊ, जास्त वाकणारा. धनुष्य ओढायला ६० पौंडांचं आणि बाण ५०० स्पाइनचे! स्पाइन म्हणजे बाणाच्या वाकण्याचं माप; हा आकडा जितका मोठा तितका बाण जास्त वाकतो, आणि ब्रॉडहेडची पाती हवेत ती चूक आणखी वाढवतात.

४०० स्पाइनचे, २८ इंची बाण घेतले, टोक १०० ग्रेनचंच (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं छोटं माप). रेस्ट, म्हणजे बाण टेकतो तो आधार, केसभर सरकवल्यावर कागदाला गोल भोक पडलं. ब्रॉडहेड आणि सरावाची टोकं आता निशाणावर मुठीएवढ्या जागेत बसतात. बाणाचं एकूण वजन ४२० ग्रेन, म्हणजे धनुष्याच्या पौंडामागे ७ ग्रेन. पौंडामागे ५ ग्रेनच्या खाली मी कधीच जाणार नाही, धनुष्याच्या फांद्यांवर, म्हणजे वाकणाऱ्या दोन बाजूंवर, ताण येतो.