आईंच्या वतीने बोलणं मी थांबवलं तेव्हा

सासूबाई ग्रीन कार्डवर न्यू जर्सीला आल्या तेव्हा ५८ वर्षांच्या होत्या. वाळवा तालुक्यातल्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या, पोथी घडाघडा वाचणाऱ्या, डेअरीच्या दुधाचा महिन्याचा हिशोब तोंडी ठेवणाऱ्या. इथे एडिसनमध्ये मात्र दाराची बेल वाजली की त्या आतल्या खोलीत जायच्या. मी त्यांना आई म्हणते. पहिली दोन वर्षं त्यांच्या वाटचं सगळं बोलणं मीच बोलले. डॉक्टरकडे मी, बँकेत मी, शेजारणीशी मी. मला वाटायचं, मी त्यांची सोय करते आहे. खरं तर त्यांना तोंड उघडायची गरजच मी उरू दिली नव्हती.

आता मी आठवड्यातून एकदा लायब्ररीत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, तेही स्वयंसेवक म्हणून. ‘आईबाबा कायमचे यायचेत, क्लास कुठे मिळेल?’ किंवा ‘बायको नुकतीच आली आहे, घरात एकटी पडते’ असे फोन दर महिन्याला येतात. दर वेळी जे सांगते, ते इथे लिहिते आहे.

क्लास शोधणं अवघड नाही. सगळ्यात जवळचं दार सार्वजनिक लायब्ररीचं. तिथे बहुतेक ठिकाणी संभाषणाचे गट भरतात. फी नाही, परीक्षा नाही. दुसरं दार प्रौढ शिक्षणाच्या वर्गांचं. ते कम्युनिटी कॉलेजात किंवा शाळांच्या इमारतीत संध्याकाळी भरतात, केंद्र आणि राज्य सरकारच्या पैशावर चालतात, आणि तिथे पातळीनुसार वर्ग असतात. तिसरं दार स्वयंसेवी साक्षरता संस्थांचं, जिथे एक शिक्षक आणि एक-दोन शिकणारे एवढाच वर्ग असतो. न्यू जर्सीत ‘लिटरसी न्यू जर्सी’ हे काम करते. प्रतीक्षायादी लांब असू शकते, म्हणून तिन्हीकडे एकदमच नाव घाला.

या तिसऱ्या दारामागची गोष्ट मला फार जवळची वाटते. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये रूथ कॉल्विन या गृहिणीने १९६० च्या जनगणनेची बातमी वाचली. आपल्याच भागात ११ हजारांवर प्रौढांना वाचता येत नाही, हे तिला त्यातून कळलं. १९६२ मध्ये तिने घरूनच स्वयंसेवक शिक्षक तयार करायला सुरुवात केली. फ्रँक लॉबाक या अमेरिकन मिशनऱ्याने फिलिपिन्समध्ये ‘एकाने एकाला शिकवावं’ ही पद्धत १९३० पासूनच रुजवली होती. या दोघांच्या संस्था २००२ मध्ये एकत्र येऊन ‘प्रोलिटरसी’ झाली. आईंना हे सांगितलं तर त्यांना काही नवल वाटलं नाही. सातारा जिल्ह्यात १९५९ साली सुरू होऊन राज्यभर पसरलेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत त्यांची आई रात्री देवळात बसून सही करायला शिकली होती. ‘आमच्याकडं कंदील होता, इथं एसी आहे,’ म्हणाल्या.

सरकारी वर्गात प्रवेशाआधी पातळी ठरवणारी चाचणी होते. इथे मी मोठी चूक केली. आठवडाभर आईंकडून उत्तरं पाठ करून घेतली. त्यांना गुण जास्त पडले आणि त्या दोन पायऱ्या वरच्या वर्गात गेल्या. तिथे सगळे भराभर बोलत होते, आई खाली मान घालून बसायच्या. तीन आठवड्यांत त्यांनी जाणं बंद केलं आणि पुन्हा तयार व्हायला आठ महिने लागले. चाचणीची तयारी करून घेऊ नका. येतं तेवढंच बोलू द्या.

मराठी माणसाला इंग्रजी नेमकं कुठे अडतं, हे शिक्षकांना माहीत असेलच असं नाही. ते आपणच त्यांना सांगावं. आपण ‘सत्तेचाळीस’ ऐकतो तेव्हा मनात आधी सात येतो, मग चाळीस, इंग्रजीत उलटं. फोन नंबर लिहिताना आईंचे आकडे म्हणूनच उलटे पडायचे. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत शेवटच्या अक्षरापेक्षा जोर कुठे दिला यावर कानाने भर द्यावा लागतो. इथले लोक ‘वॉटर’ला ‘वॉडर’ आणि ‘ट्वेंटी’ला ‘ट्वेनी’ म्हणतात, त्यामुळे माहीत असलेला शब्दही ओळखू येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपला आदर क्रियापदात असतो. ‘पाणी द्या’ यात ‘अहो’ आलेलंच असतं. तेच शब्दाला शब्द लावून ‘गिव्ह मी वॉटर’ म्हटलं की समोरच्याला तो हुकूम वाटतो. आईंसारख्या मऊ बोलणाऱ्या बाईला एका दुकानात उद्धट समजलं गेलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. ‘कॅन आय हॅव’ हे तीन शब्द पहिल्याच दिवशी शिकवा.

तारखेचंही तसंच. इथे महिना आधी लिहितात. आईंच्या पिढीतल्या कित्येकांप्रमाणे त्यांचाही जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जून. त्यांनी फॉर्मवर आपल्या पद्धतीने ०१/०६ लिहिलं आणि दवाखान्यात त्यांचा जन्म ६ जानेवारीला झाला. पुढे औषधाच्या दुकानात तारीख जुळेना, तेव्हा कुठे ते लक्षात आलं.

शिकवायला येणाऱ्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं आहे: थांबायला शिका. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. वाक्य अर्ध्यात असताना चूक सुधारू नका. पुस्तकापेक्षा त्या आठवड्याचे कागद घ्या: विजेचं बिल, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, नातवाच्या शाळेतून आलेलं पत्र.

आणि कुठल्याच भाषेत वाचता न येणारा माणूस तुमच्यासमोर आला तर घाबरू नका. माझ्याकडे ग्वाटेमालाचे एक गृहस्थ येत. त्यांची मातृभाषा माया कुळातली, स्पॅनिशही नंतर शिकलेली, शाळा कधी पाहिलेली नाही. दिवसभर छपरं घालायचं काम करून ते यायचे. पेन्सिल इतकी दाबून धरायचे की टोक मोडायचं. मी त्यांना त्यांच्या कामाबद्दल बोलायला सांगायची आणि ते बोलले तसं, दोनच ओळी मोठ्या अक्षरात लिहायची. मग ते त्याच ओळी वाचायचे. स्वतःचंच वाक्य असल्यामुळे अर्थ आधीच माहीत असतो, फक्त अक्षरं ओळखायची उरतात. अशा माणसाला आणि आपल्या पोथी वाचणाऱ्या आईला एकाच तराजूत तोलू नये. आईंना वाचणं म्हणजे काय हे ठाऊक आहे, त्यांना फक्त दुसरी लिपी हवी आहे.

इथल्या मराठी मंडळांनी काय करावं, असंही विचारतात. गाडी द्यावी. इथल्या उपनगरांत बस विरळ, ज्येष्ठांना गाडी येत नाही, आणि मुलं ऑफिसात. आमच्या भागातल्या पाच घरांनी वार वाटून घेतले आणि चार आज्यांचा क्लास वर्षभर चुकला नाही. मंडळाने स्वतःचा मराठी मंडळींचा इंग्रजी वर्ग काढण्याच्या मात्र मी विरोधात आहे. तिथे पाचव्या मिनिटाला भाजीच्या गप्पा मराठीत सुरू होतात. आईंच्या शेजारी इक्वाडोरची आणि इजिप्तची बाई बसली, तेव्हा तिघींना जोडणारी इंग्रजी ही एकच भाषा होती. म्हणून ती आली.

नागरिकत्वाच्या परीक्षेबद्दल एक गैरसमज फार आहे. केवळ वय झालं म्हणून इंग्रजीतून सूट मिळत नाही. ५० वर्षांवरच्यांना ग्रीन कार्डवर २० वर्षं, ५५ वरच्यांना १५ वर्षं पूर्ण झालेली लागतात. मग नागरिकशास्त्राचे प्रश्न आपल्या भाषेत देता येतात. इतरांना तीनपैकी एक वाक्य वाचून आणि तीनपैकी एक लिहून दाखवावं लागतं. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्या बहुतेकांना १२८ प्रश्नांच्या यादीतले जास्तीत जास्त २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात.

आणि दवाखान्यात दुभाषा मागा. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांवर तो फुकट देण्याची जबाबदारी आहे, त्याचं मूळ १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात आहे. दहा वर्षांच्या नातवाला आजीच्या पोटदुखीचं भाषांतर करायला लावू नका. सुनेलाही लावू नका. सासूला सुनेसमोर न सांगण्यासारखं काही असतं.

मागच्या वसंतात आईंना दवाखान्यात घेऊन गेले होते. काउंटरवरच्या मुलीने जन्मतारीख विचारली. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईंनी माझ्या हातावर हात ठेवला. ‘जून फर्स्ट,’ त्या म्हणाल्या, महिना आधी. मग, ‘कॅन आय हॅव इंटरप्रिटर? मराठी.’

‘हिंदी?’ मुलीने विचारलं.

‘नो. मराठी.’

फोनवर दुभाषा मिळायला बारा मिनिटं लागली. मी बाहेर बसले होते.