युरियाच्या गोणीवरून ऑक्सिडेशन नंबर

फैजपूरला मी अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेते. मुलं रावेर, सावदा, यावलकडची, बहुतेकांच्या घरी केळी. म्हणून ऑक्सिडेशन नंबर शिकवताना मी परमँगनेटसारख्या प्रयोगशाळेतल्या रसायनापासून सुरुवात करत नाही. ज्या खताच्या गोण्या मुलांनी स्वतः खांद्यावरून शेतात नेल्यात, ती खतं फळ्यावर लिहिते.

पहिल्याच तासाला कोणीतरी विचारतं, "मॅडम, हाई मायनस कथाईन उना?" म्हणजे, हा मायनस कुठून आला? हा प्रश्न मला फार आवडतो, कारण सगळा धडा त्यातच आहे. दोन अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात तेव्हा ते भागीदारीत असतात. ऑक्सिडेशन नंबर काढताना आपण हिशेबापुरतं मानतो, की जो अणू जास्त ओढतो, त्याच्याच खात्यावर ते सगळे जमा झाले. इलेक्ट्रॉनचा भार ऋण, म्हणून ज्याच्याकडे ते जमा झाले तो मायनस, ज्याचे गेले तो प्लस. दोन्ही अणू एकाच मूलद्रव्याचे असतील तर निम्मे-निम्मे. हा अणूवरचा खरा भार नाही, हे मुलांच्या मनात ठसल्याशिवाय मी पुढे जात नाही.

आता रीत. सुट्या मूलद्रव्याचा नंबर शून्य. आयन म्हणजे भार असलेला अणू किंवा अणूंचा गट; एकाच अणूच्या साध्या आयनाचा नंबर म्हणजे त्याचा भार. संयुगात मात्र या क्रमाने जा: फ्लोरिन −१, सोडियम, पोटॅशियम +१, कॅल्शियम, मॅग्नेशियम +२, मग हायड्रोजन +१, सर्वांत शेवटी ऑक्सिजन −२. दोन नियमांचं भांडण झालं तर आधीचा जिंकतो. हा क्रम पाळला की अपवाद वेगळे पाठ करावे लागत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये हायड्रोजनने आधीच +१ घेतला, दोघांचे +२. मग दोन ऑक्सिजनच्या वाट्याला −१, −१ च उरतो. सोडियम हायड्राइडमध्ये सोडियम आधी, म्हणून हायड्रोजन −१.

सगळ्यांची बेरीज रेणूत शून्य, आयनात त्याच्या भाराएवढी.

ठिबकमधून सोडतो ते तेरा-शून्य-पंचेचाळीस खत घ्या. ते पोटॅशियम नायट्रेट: पोटॅशियम +१, तीन ऑक्सिजन −६, म्हणून नायट्रोजन +५. झालं.

युरिया मात्र अडवतो. एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन. हायड्रोजनचे +४, ऑक्सिजनचे −२, आणि अनोळखी दोन: कार्बन आणि नायट्रोजन. बेरजेचा नियम इथे पुरत नाही, मूळ व्याख्येकडे परत यावं लागतं. कार्बनचे चारही बंध ऑक्सिजन आणि नायट्रोजनशी आहेत, आणि दोघंही कार्बनपेक्षा जास्त ओढतात. म्हणजे कार्बनने चार गमावले, +४. आता बेरीज +४ +४ −२, म्हणजे +६. दोन नायट्रोजन मिळून −६, एकेकाचा −३.

"एकेकाचा" या शब्दाखाली मी दोन रेघा मारते. बारावीत असताना डायक्रोमेटमधल्या क्रोमियमला मी +१२ लिहून आले होते. त्यात क्रोमियमचे दोन अणू असतात, दोनाने भागायचं राहिलं. खरं उत्तर +६. ते गेलेले मार्क मला आजही आठवतात.

दुसरी चूक अमोनियम नायट्रेटची. दोन नायट्रोजन पाहून मुलं सरळ बेरीज मांडतात आणि +१ काढतात. ती नुसती सरासरी आहे. आधी आयन सुटे करा: अमोनियममध्ये −३, नायट्रेटमध्ये +५.

मग मी मुलांना मनाने बागेत नेते. युरिया जमिनीत पडला, ओल मिळाली, त्याचं अमोनियम झालं. ही रेडॉक्स आहे का, म्हणजे इथे इलेक्ट्रॉनची देवघेव झाली का? नंबर बघा: नायट्रोजन −३ चा −३, कार्बन +४ चा +४. कुणाचंच काही हललं नाही, म्हणजे नाही. पुढे जमिनीतले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात. −३ वरून +५: नायट्रोजनने आठ इलेक्ट्रॉन दिले, त्याचं ऑक्सिडीकरण झालं. घेतले कोणी? हवेतल्या ऑक्सिजनने. एका अमोनियमला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात, म्हणजे चार अणू. प्रत्येक शून्यावरून −२ वर आला, मिळून आठ. देणं-घेणं जुळलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

काळ्या जमिनीत पाणी तुंबलं, हवा कोंडली, की उलटं घडतं. दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. +५ वरून शून्य, पाच इलेक्ट्रॉन घेतले, हे क्षपण. विकत आणलेलं नत्र असं हवेत जातं, म्हणून बागेतलं पाणी काढून द्यावं लागतं.

अमोनियम आणि नायट्रेटच्या मध्ये नायट्राइटचा टप्पा असतो: एक नायट्रोजन, दोन ऑक्सिजन, भार −१. तो वहीत स्वतः सोडवा. +३ यायला हवं. तिथवर सहा इलेक्ट्रॉन गेलेले असतात, उरलेले दोन नायट्रेट होताना जातात.